योगासनांच्या वेळी काय घालावे, काय उतरवावे?

योगवर्गाला नाव घातले की घरात पहिला प्रश्न निघतो तो आसनांचा नव्हे, कपड्यांचा. साडी नेसून चालेल का? त्या घट्ट विजारी आपल्याला कशा जमायच्या? मंगळसूत्र काढावे लागेल का? असे प्रश्न बायका एकमेकींना विचारतात. पुरुष विचारत नाहीत, पण पँटचा पट्टा आवळलेला ठेवून पवनमुक्तासन करणारे गृहस्थ पुष्कळ दिसतात. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. पाठोपाठ योगाचा म्हणून खास पोशाख, ॐकाराची लॉकेट, रंगीत खड्यांच्या माळा, तांब्याची कडी यांनी तालुक्याच्या बाजारातही जागा मिळवली.

हे सारे घेतल्याशिवाय योगासने करता येत नाहीत, अशी अनेकांची समजूत होते. ज्यांना गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब यांसाठी हालचालीची सर्वांत जास्त गरज असते, तीच पन्नाशी-साठीची माणसे कपड्याच्या संकोचाने घरी बसतात. म्हणून योगासनांच्या वेळी अंगावर काय असावे आणि काय नसावे, याचा आरोग्याच्या दृष्टीने विचार करू.

गणवेशाची सक्ती नाही

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला बसण्याच्या जागेचे वर्णन आहे. दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र यांचे आसन तिथे सांगितले आहे. साधकाने अंगावर काय घालावे, याबद्दल तिथे काही नाही. आपल्याच राज्यात १९१८ साली श्री योगेंद्र यांनी मुंबईत आणि १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला योगाच्या संस्था काढल्या, तेव्हा खास कापडाचा प्रश्नच नव्हता. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक १९६६ साली निघाले. त्यातील छायाचित्रांत ते आखूड चड्डीवर दिसतात. त्यांच्या पद्धतीत आजही बरेच साधक आखूड चड्डी घालतात, कारण गुडघा आणि मांडी नीट वळली की नाही, हे शिक्षकाला दिसावे लागते.

अंगाला चिकटणारी विजार त्यानंतरची. तिला ताण देणारा लायक्रा हा धागा अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचे जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली तयार केला. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९९८ साली सुरू झालेल्या लुलुलेमन कंपनीने योगाची विजार म्हणून ती जगभर नेली. पण मार्च २०१३ मध्ये याच कंपनीला काळ्या विजारींचा मोठा साठा परत घ्यावा लागला, कारण वाकल्यावर कापड पारदर्शक दिसे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काही स्त्रियांची शरीरेच या विजारींना योग्य नसतात, अशा अर्थाचे विधान संस्थापकांनी केले. त्यावर मोठी टीका झाली आणि पुढे त्यांनी अध्यक्षपद सोडले. कपडा शरीरासाठी असतो, शरीर कपड्यासाठी नसते, एवढा बोध आपण त्यातून घ्यावा. स्थूल, कृश, वयस्कर, गर्भवती, अपंग अशा कोणत्याही व्यक्तीला आपल्या अंगाला सोयीच्या कपड्यात योग करता येतो.

पहिली कसोटी श्वासाची

योगाभ्यासात श्वासाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. म्हणून कपडा निवडताना रंग किंवा किंमत यांच्या आधी श्वास पाहावा. शिंप्याची टेप छातीभोवती धरा. श्वास पूर्ण सोडा आणि माप पाहा. मग पूर्ण श्वास घ्या आणि पुन्हा पाहा. निरोगी प्रौढ माणसात या दोन मापांत साधारण ५ सेंटिमीटरचा फरक पडतो. कपडा घातल्यावर हा फरक निम्म्यावर आला, तर तो कपडा श्वास अडवतो आहे असे समजावे. घट्ट ब्लाउज, आखूड बनियन, पाठीला रुतणारी ब्रेसियर यांची अशी परीक्षा जरूर करावी. व्यायामाच्या वेळी स्तनांना आधार हवा हे खरे, पण त्या पट्टीखाली दोन बोटे सहज जावीत. पाठीमागचा हूक शवासनात टोचत असेल, तर हूक नसलेला प्रकार घ्यावा.

दुसरी जागा कमरेची. कमरेला घट्ट पट्टा असेल तर पोटातील दाब वाढतो आणि जठरातील आम्ल अन्ननलिकेच्या खालच्या भागात चढते, असे स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले. त्यांनी तपासलेली माणसे निरोगी होती. ज्यांना मुळातच आम्लपित्ताचा, छातीत जळजळण्याचा त्रास आहे, त्यांनी पट्टा आवळून पुढे वाकण्याची आसने केली तर त्रास वाढेल हे उघड आहे. घट्ट कमरपट्ट्याने जांघेजवळची एक नस दबून मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येणे, बधिरपणा किंवा आग होणे असेही होते. पुष्कळदा हा त्रास कंबर सैल केल्यावर कमी होतो.

परकराच्या नाडीबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे जरूर आहे. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन वयस्कर स्त्रियांची हकिगत ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट गाठ बांधल्याने दोघींच्याही त्वचेला सतत घर्षण झाले, जखम झाली, ती बरी होईना आणि शेवटी तिथे त्वचेचा कर्करोग झाला. त्यातील एकीने तर परकर न घालता नुसते लुगडे घट्ट नेसण्याची सवय ठेवली होती. असे प्रकार अतिशय विरळा आहेत, त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण कमरेवर काळा वळ, खाज, सोललेली त्वचा अनेकींना असते आणि ती कोणी मनावर घेत नाही. नाडी रुंद पट्टीची असावी, गाठीची जागा बदलत राहावी, घरी असताना सैल कपडे घालावेत. कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. दुखत नाही म्हणून थांबू नये.

कापड कोणते?

आपल्या हवेला सुती कापड सर्वांत बरे. ते घाम शोषते, अंगाला हवा लागू देते आणि घरच्या घरी उकळून धुता येते. त्याचा दोष एवढाच, की फार घाम आला तर ते ओले राहते आणि जड होते. पॉलिस्टर लवकर वाळते, पण त्याला वास लागतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली व्यायाम केलेल्या २६ जणांचे टी-शर्ट तपासले. सुती शर्टांपेक्षा पॉलिस्टरच्या शर्टांना अधिक उग्र वास होता. वास निर्माण करणारे काही जंतू पॉलिस्टरवर चांगले वाढतात, असे त्यांना आढळले. संथ आसने आणि प्राणायाम यांना सैल सुती कपडा पुरतो. सूर्यनमस्कारांचा जोर असेल, तर थोडा ताण देणारे सुती मिश्र कापड सोयीचे पडते.

यात गजकर्णाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण चिवट झाले आहे. नेहमीच्या गोळ्यांना आणि मलमांना दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र नावच मिळाले. जांघेत, काखेत, कमरेभोवती घाम साचला आणि वर घट्ट कृत्रिम धाग्याचा कपडा असला, की बुरशीला आयती जागा मिळते. म्हणून योगवर्ग संपल्यावर घामट कपड्यांत बाजारहाट करीत फिरू नये. घरी येऊन अंग कोरडे करावे आणि कपडे बदलावेत. ते कपडे रोज धुवावेत, उन्हात उलटे वाळत घालावेत, सुती असतील तर आतून कडक इस्त्री फिरवावी. टॉवेल, चटई, अंतर्वस्त्रे एकमेकांची वापरू नयेत. चट्टा उठलाच, तर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नये. त्याने खाज चार दिवस थांबते, पण बुरशी पसरते.

आसने अनवाणीच करावीत. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभ्याने आसने केली तर पाय घसरतो. सतरंजीही फरशीवर सरकते, तेव्हा तिच्याखाली रबरी चटई घालावी. शवासनात मात्र अंग हळूहळू गार पडते, म्हणून हिवाळ्यात जवळ शाल ठेवावी.

साडी, धोतर, बुरखा

साडी नेसून योग करता येतो का? बसून करायची पुष्कळ आसने, मानेच्या आणि खांद्याच्या हालचाली, प्राणायाम, खुर्चीवरचे व्यायाम हे साडीत सहज होतात. नऊवारीला कासोटा असल्याने पाय फाकवण्याची आसनेही त्यात जमतात. फक्त ओच्याची जाड गाठ पोटावर येणार नाही असे पाहावे. सहावारीत पाय अडकतो आणि सर्वांगासनासारख्या उलट्या आसनांत साडी आवरत नाही. अशा वेळी साडीखाली सुती लेंगा घालून पदर कमरेला खोचावा किंवा वर्गापुरता सलवार-कुर्ता घालावा. कुर्ता मांडीपर्यंत असला आणि दोन्ही बाजूंना चिरा असल्या, तर संकोचही राहत नाही आणि पायही मोकळे राहतात. ओढणी गळ्याभोवती मोकळी सोडू नये. ती काढून ठेवावी किंवा छातीवरून घेऊन कमरेला मागे गाठ मारावी.

ज्या भगिनी डोके झाकतात, त्यांनाही योग वर्ज्य नाही. नायके कंपनीने २०१७ साली खेळाडू मुस्लिम स्त्रियांसाठी खास हलका हिजाब बाजारात आणला. आपल्याकडे मऊ सुती कापडाची, टाचण्या न लावता बसणारी टोपीसारखी शिवण कोणताही शिंपी करून देईल. टाचणी मात्र नको, आडवे झाल्यावर ती टोचते. फक्त स्त्रियांसाठी वर्ग असेल तर बुरखा काढून आत सलवार-कुर्ता ठेवता येतो. ज्या वर्गात हे शक्य नाही, तिथे शिक्षकांनी बसून करायची आसने द्यावीत.

पुरुषांनी जीन्स आणि पट्टा घरीच ठेवावा. सैल लेंगा, ट्रॅकपँट किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी चांगली. धोतराची सवय असलेल्या आजोबांनी ते दुटांगी नेसून बसावे. लंगोट तालमीतल्यासारखा कचकचून बांधू नये, त्याने जांघेत घाम कोंडतो. गर्भवती स्त्रियांनी पोटावर नाडी न येता पोटाखाली बसेल असा कपडा घालावा आणि आसने डॉक्टरांना विचारूनच करावीत.

कोणता दागिना उतरवावा?

अंगठी : अधोमुख श्वानासनात आणि सूर्यनमस्कारात सारा भार तळहातावर येतो, तेव्हा अंगठी बोटात रुतते. व्यायामाने, उष्म्याने बोटे सुजतातही. अंगठी घरीच काढावी. अडकली असेल, तर हात उंच धरून, गार पाण्यात बुडवून, मग साबण किंवा तेल लावून फिरवत काढावी. बोट निळे पडले किंवा बधिर झाले, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. अंगठी कापता येते, बोट परत मिळत नाही.

बांगड्या : काचेच्या बांगड्या तळहातावर भार देताना फुटतात आणि मनगटाला जखम होते. ज्यांना हात मोकळे ठेवणे मनाला पटत नाही, त्यांनी तेवढ्या वेळापुरती एक बारीक धातूची बांगडी ठेवावी. पाटल्या, गोठ आणि कडी काढून ठेवावीत.

मंगळसूत्र आणि साखळ्या : उलट्या आसनांत लांब मंगळसूत्र तोंडावर येते. हलासनात हनुवटी आणि गळा यांच्यामध्ये वाट्या सापडून टोचतात. ते काढायचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे, शिक्षकांनी सक्ती करू नये. काढायचे नसेल तर आखूड मंगळसूत्र घालावे किंवा लांब असेल ते ब्लाउजच्या आत खोचून पदराने बांधून घ्यावे. पुरुषांनी लांब साखळी, लॉकेट आणि गळ्यातील माळ उतरवावी.

कानातले : झुबे, झुमके, जड कुड्या उतरवाव्यात. कानाचे भोक ओघळलेले असेल, तर कपड्यात अडकून पाळी फाटू शकते. लहान खडे चालतात, पण मळसूत्राचे टोक आडवे झाल्यावर मानेला टोचत नाही ना, हे पाहावे.

चमकी : अनुलोम-विलोम करताना नाकपुडी बोटाने दाबावी लागते. आपल्याकडे चमकी बहुधा डाव्या नाकपुडीत असते आणि नेमकी तीच नाकपुडी अनामिकेने दाबली जाते. चमकीवर बोट न ठेवता किंचित वर, हाडाच्या खाली हलकेच दाबावे. नाक नुकतेच टोचले असेल, तर जखम पूर्ण भरेपर्यंत तिथे हात लावू नये आणि जलनेतीही करू नये.

जोडवी आणि पैंजण : ताडासनात, वृक्षासनात पायाची बोटे पसरून तोल सांभाळावा लागतो, तिथे जाड जोडवी आड येतात. बोटांच्या बेचक्यात ओल राहून चिखल्याही होतात. जोडवी ठेवायचीच असतील तर पातळ, उघड्या तोंडाची ठेवावीत आणि पाय धुतल्यावर बेचके कोरडे करावेत. पैंजण पद्मासनात आणि वज्रासनात घोट्याच्या हाडाखाली सापडतात, म्हणून ते काढावेत.

करगोटा, गंडा, घड्याळ : करगोटा आवळ झाला असेल तर बदलावा. मनगटावरचे रंगीत दोरे भिजून तसेच राहतात आणि त्याखाली खाज सुटते. घड्याळ आणि चष्मा आसनांपूर्वी बाजूला ठेवावेत.

काढलेले दागिने खिडकीत किंवा चपलेत ठेवू नयेत. शक्यतो घरीच उतरवून यावे.

कानामागे खाज आणि निकेल

योगाच्या दुकानांत चांदीसारखे दिसणारे ॐ, कमळ, चक्र असे दागिने मिळतात. त्यांतील बरेच 'जर्मन सिल्व्हर'चे असतात. या नावात चांदी असली तरी धातूत चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण असते. घामाने निकेल विरघळून त्वचेत उतरते आणि ज्यांना त्याची अॅलर्जी आहे त्यांच्या कानाच्या पाळीला, गळ्याला, मनगटाला लाल पुरळ, खाज, पाणी सुटणे असा त्रास होतो. बेंबीखाली पँटच्या बटणाच्या जागी उठणारा चट्टाही बहुधा याचाच असतो. एकदा जडलेली ही अॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते. युरोपात १९९४ साली दागिन्यांतून अंगाला लागणाऱ्या निकेलवर मर्यादा घालणारा नियम झाला, तो यामुळेच. असा त्रास असेल त्यांनी २२ कॅरेटचे सोने, '९२५' शिक्क्याची चांदी किंवा मणी-धाग्याचे दागिने वापरावेत. मुलीचे कान टोचताना स्वस्त कृत्रिम डूल घालू नयेत.

दागिन्याने रोग बरा होतो का?

तांब्याचे कडे घातल्याने सांधे दुखायचे थांबतात, असा समज जुना आहे. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांवर तांब्याच्या कड्यांची आणि चुंबकाच्या पट्ट्यांची परीक्षा घेतली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. खऱ्या आणि नकली पट्ट्यांत वेदना, सूज यांबाबत उपयोगाचा असा फरक आढळला नाही. चक्रांच्या खड्यांनी मधुमेह उतरतो किंवा विशिष्ट माळेने रक्तदाब आटोक्यात येतो, यालाही पुरावा नाही. ताईत, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करण्याला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. श्रद्धेने किंवा हौसेने माळ घालावी, त्यात वावगे काही नाही. पण माळ घातली म्हणून गोळी बंद करू नये.

खरेदी करताना

आधी कपाट उघडावे. बहुतेकांच्या घरी योगाला चालणारे दोन जोड निघतातच. नवे घ्यायचेच असेल, तर दुकानात उभ्याने पाहून घेऊ नये. घालून उकिडवे बसावे, वाकून पायाला हात लावावा, दोन्ही हात वर करावेत. कुठे रुतले, उचकले, पारदर्शक दिसले तर तो कपडा नको. हातमागाचे कापड ओळखायला सरकारचे २००६ सालचे हातमाग चिन्ह पाहावे. 'सेंद्रिय कापूस' असे छापले असेल, तर जी.ओ.टी.एस. हे चिन्ह आहे का ते पाहावे. त्या मानकानुसार 'सेंद्रिय' म्हणवणाऱ्या कापडात किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो. सोन्याच्या दागिन्यावर शिक्क्याबरोबर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक झाला आहे, तो तपासावा.

वर्ग चालविणाऱ्या शिक्षकांनाही एक विनंती आहे. पहिल्या दिवशी गणवेशाची सूचना देण्याऐवजी 'आपल्याला ज्यात मोकळे वाटेल, ते घालून या' एवढेच सांगावे. साडीतल्या आजी, बुरख्यातली भगिनी, धोतरातले आजोबा एका सतरंजीवर बसले, तर शेजारच्या घरातून आणखी दोन माणसे येतील. छाती भरून श्वास घेता येतो, कंबर मोकळी आहे, अंगात काही रुतत नाही, एवढे पाहिले की पोशाखाचा विचार पुरा झाला. मग आसनाला बसावे.